रंगाखालचे टाके

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. आपण दोघं भाऊ जन्मभर एकाच गॅरेजात राबलो, लिहायचं काय होतं? पण आज तुझ्या जीपचा इंजिन ब्लॉक माझ्यापुढं उघडा पडलाय. दुपारच्या एसटीनं वहिनी पाथरीहून येतायत. हा ब्लॉक दुरुस्त करायचा की नाही, ते त्यांना आज सांगायचंय. थकलोय रे मी.

परवा तुझी लेक ज्योती जीप घेऊन परभणीला येत होती. हो, तू गेल्यापासून ती सवाऱ्या ने-आण करते! मानवतच्या पुढं धूर निघाला आणि गाडी बसली. मी ऑइल काढून बघितलं, तर दुधाच्या चहासारखं. पाणी आत शिरलं होतं.

रात्रीच वहिनींचा फोन. "भाऊजी, दुसरं इंजिन नका बसवू. ह्याच्यावर त्यांचा हात फिरलाय. तुमी काय बी करा, पण हेच चालू करा."

तू असतास तर एका वाक्यात निकाल लावला असतास. फुटक्या ब्लॉकला वेल्डिंग मागायला आलेल्या किती जणांना तू परत पाठवलंस! "माणसं बसवतूस ना गाडीत? मंग दे भंगारात." माणूस रडकुंडीला आला तरी तुझं तेच. मला तुझा रागच यायचा.

म्हणून काल तुझ्याच पद्धतीनं बघितलं. ब्लॉक घासून धुतला, डिझेल लावलं, कोरडा पुसला आणि वर खडू घासला. चिरेत मुरलेलं डिझेल खडूवर उतरतं आणि काळी रेघ उमटते. ती रेघ तू मालकाला स्वतः बघायला लावायचास. काल ती मी बघितली. पार क्रँक बसते तिथपर्यंत, इंजिनच्या कण्यापर्यंत गेलेली. आणि सुरू कुठून झाली, ठाऊक आहे? रंगाखालच्या एका जुन्या वेल्डिंगपासून!

रंग खरवडला, तर इंचाइंचाचे टाके, प्रत्येकावर हातोडीचे बारीक ठोके. दादा, तुझा हात मी ओळखणार नाही?

बराच वेळ तुझ्यावर चिडून बसलो. लोकांना नियम शिकवायचे आणि स्वतःच्या गाडीला टाके घालायचे? मग एकदम आठवलं.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा ही जीप घेऊन मी चुडाव्याला पाहुणे आणायला गेलो होतो. येताना इंजिनच्या गरमीचा काटा वर चढलेला मला दिसत होता. पण होणारे सासरे शेजारी बसलेले! मेकॅनिकचीच गाडी थांबली तर इज्जत काय राहणार? शेवटी इंजिन उकळलं, आणि घाईघाईत मी हापशाचं गार पाणी तसंच आत ओतलं. आतून टक्क असा आवाज आला.

तू येऊन गाडी ओढून नेलीस. दोन दिवस मला जवळ फिरकू दिलं नाहीस. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "गॅस्केट गेलतं. लय काही न्हाई. तू लग्नाचं बघ."

तेव्हापासून तू ती चाळीसच्या वर कधी पळवली नाहीस. सीटमागं पाण्याची कॅन. ओळखीच्यांनाही कधी बसवलं नाहीस, लोक कंजूष म्हणाले तरी ऐकून घेतलंस. आम्ही तुझ्या गाडीला बैलगाडी म्हणायचो, आणि त्यात मीच पुढं! एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंस ना, "गाढवा, तुझ्यामुळं झालं." का नाही बोललास रे?

खरं सांगू? काल मनात आलं, आपणही टाके घालावेत, वर रंग मारावा. वहिनी खूश, आणि माझी चूकही झाकलेली. पण तुला आतली गोष्ट ठाऊक होती, म्हणून तू जपून चालवलीस. ज्योतीला काय ठाऊक? ती दहा जण बसवून साठनं येते.

तेव्हा ठरलं, दादा. ब्लॉक भंगारात. ज्योतीच्या जीपमध्ये दुसरं इंजिन मी स्वतः बसवीन.

वहिनी आल्या की त्यांच्यासमोर पुन्हा खडू घासतो. रेघ त्यांच्या डोळ्यांनी बघू देत. त्या टाक्यांवरून हात फिरवतील, विचारतील, हे कधी झालं? तेव्हा मी मान खाली घालून गप्प बसणार नाही, हा तुला शब्द. सांगीन, "वहिनी, दादानं चीर बुजवली होती. पाडली मी."

तुझाच,
बबन