वरच्या खोलीची जमीन

पुरानी बस्ती, रायपूर
रविवार, दुपार

प्रिय आशय,

परवा फोनवर तू विचारलंस, वरच्या खोलीत न्हाणीघर आता कुणासाठी, आणि करायचंच होतं तर त्या भैय्यालाल मिस्त्रीलाच का बोलावलं. मी म्हटलं भाजी करपते आहे, आणि फोन ठेवला. भाजी चढवलीच नव्हती. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला खरंच येत नाही. दुसऱ्याचं येतं, पण फोनवर जमलं नसतं. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई, पुढचं जे आलं ते वाचून आलं, म्हणून लिहूनच सांगते. पुढेमागे होईल. डोक्यात अजून काही नीट लागलेलं नाही.

आधी कामाचं. बाबांच्या खोलीतली फळ्यांची जमीन मागच्या कोपऱ्याकडे किती कललेली होती, तुला आठवतं ना? त्यांच्या खुर्चीच्या एका पायाखाली जुन्या कॅलेंडरची घडी असायची. भैय्यालालने पाणी भरलेल्या नळीचं एक टोक दाराशी धरलं, दुसरं कोपऱ्यात, आणि चारही भिंतींवर खडूची रेघ मारली. त्या रेघेपासून मोजलं तर कोपरा तीन बोटं खाली. मग फळ्या उचलल्या. खाली पाहायची मला भीती वाटत होती. सरईच्या लाकडाच्या तुळया होत्या, काळ्या पडलेल्या. त्याने हातोडीने एकेक ठोकून पाहिली. एका तुळईच्या टोकाखालच्या विटांचा भुगा झाला होता, म्हणून ती बसली होती. लाकूड मात्र टणक. त्याने खालून जॅक लावून ती रोज थोडी थोडी उचलली. घाई केली तर खालच्या भिंतीला तडा जाईल म्हणाला. मग टोकाखाली दगड बसवला, तुळयांच्या बाजूंनी नव्या लाकडाच्या पट्ट्या रेघेप्रमाणे आवळल्या आणि फळ्या परत ठोकल्या. चार दिवस लागले. जमीन ताटासारखी सपाट झाली.

आणि पाचव्या दिवशी म्हणतो, आता उतार देतो! मी चक्रावले. उतार तर आधीच होता की, मग हे चार दिवस कशाला घालवले? तो हसला. "पहिली बरोबर होवन दे दाई, तब ढाल देबो." जुना कल कुणी दिलेला नव्हता, आपोआप आलेला, त्यावर पाणी कुठे जाईल याचा भरवसा नाही. आपण दिलेला उतार पाणी जायच्या जाळीकडेच जातो. मला समजलं, आणि पायऱ्या उतरेपर्यंत पुन्हा समजेनासं झालं. आता सिमेंटच्या फळ्या बसल्या आहेत, त्यांच्यावर रबरासारखा लेप. डब्यावरचा हिंदी कागद मी त्याला दोनदा वाचून दाखवला, लेपाच्या दोन हातांमध्ये सहा तास थांबायचं म्हणून. तर म्हणे, "कागज ला का पता, ये घर कतका जुन्ना हे." आणि रात्रभर वाळू दिलं. उंबरठा नाही, पायरी नाही. खोलीतून सरळ आत पाऊल टाकायचं. बाबा असते तर त्याच्यामागे खुर्ची टाकून बसले असते आणि दर पाच मिनिटांनी चूक काढली असती. भैय्यालाललाही ते आठवत असावं. मधूनच हात थांबवून मागे बघतो.

पण कुणासाठी, ते सांगता येत नाही. मी खालीच झोपते. भाडेकरू ठेवायचा नाही. मीनलने सासरहून फोन करून विचारलं, आम्ही येऊ तेव्हासाठी का, तर मी हो म्हटलं. तिला बरं वाटलं, पण ते खरं नाही. एक दिवस सकाळी उठले आणि भैय्यालालच्या घरी गेले, एवढंच मला माहीत आहे.

तू त्याला शेवटचं पाहिलंस ते बाबांच्या तेरवीला. तो जेवायला बसला होता आणि तू पंगतीत सगळ्यांसमोर म्हणालास, "आप उस वक्त हिम्मत करते तो पापा आज होते." बाबा वर न्हाणीघर मागत होते, मिस्त्रीने लाकूड कुजलं आहे, भार सोसणार नाही म्हणून नकार दिला, म्हणून बाबांना रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून तो जिना उतरावा लागला, आणि एका सकाळी ते पडले. तुला हेच माहीत होतं. बाबांनाही हेच माहीत होतं. भैय्यालालने तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी वरणाचं भांडं घेऊन उभी होते. मग त्याने हात जोडले, "गलती होगे बाबू" म्हणाला आणि अर्ध्या पानावरून उठला. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.

आशय, त्याने कधीच नाही म्हटलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मीच त्याला बोलावलं होतं, बाबा पेन्शनच्या कामाला गेले होते तेव्हा. त्याने पाहिलं आणि म्हणाला, लाकूड पक्कं आहे, दहा-बारा दिवसांत होईल, पण कोपऱ्यातच करावं लागेल. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आपलं देवघर. देवांच्या डोक्यावर मोरी, मला ते सोसवेना. बाबांना सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि मग ऐकलं नसतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, लाकूड कुजलं आहे, मिस्त्री नाही म्हणतो. ते लगेच मानले. "नाही म्हणून राहिला तर राहू दे. त्याचं काम त्याले समजते." भैय्यालालला सांगितलं, साहेबांना नको आहे. दोघांनाही खोटं, एकाच दिवशी. या महिन्यात काम सुरू होण्याआधी मी देव पुढच्या खोलीतल्या फडताळात हलवले. दिवा, घंटा, तसबिरी, सगळं धरून अर्धा तास लागला. हे तेव्हा का सुचलं नाही, हे मी स्वतःला रोज विचारते. काल भैय्यालालला म्हटलं, तुझं नाव मी खराब केलं. त्याने फरशी ठोकणं थांबवलं नाही. "छोड़ न दाई" म्हणाला, पण वर पाहिलं नाही. शनिवारी त्याचं काम संपतं. त्याआधी तू त्याला फोन कर. जे तू चारचौघांत बोललास ते चुकीचं होतं, आणि चूक कुणाची होती तेही आईने सांगितलं आहे, एवढं त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे. नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. माझ्याशी बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. नाही वाटलं तरी आधी त्याला कर.

तुझीच,
आई