जवसाचं तेल आणि चार चात्या

२ एप्रिल १९५७, मंगळवार

बाईनं चरख्याच्या वर्गात सांगितलं, रोज लिहून ठेवा. सूत किती निघालं, किती वेळा तुटलं, काऊन तुटलं. ज्यांना अक्षर येत नाई त्यांनी घरच्या पोरीकडून लिहून घ्या. म्हणून नातीले बसवलं. कुसुम सहावीत आहे. अक्षर बरं आहे, तोंड त्याच्याहून जास्त चालते. पहिल्याच ओळीले विचारते, "आजी, 'मले' लिहू का 'मला'?" म्हटलं, मी म्हणतो तसं लिही, शाळेतलं शाळेत ठेव.

सूत: नाई. तुटलं: मोजलं नाई.

हे झालं बाईले दाखवाचं पान. आता वहीच्या मागच्या बाजूनं लिही. हे कोणाले दाखवाचं नाई.

अंबर चरखा आज हाताखाली आला. चार चात्या, म्हणजे सूत पिळाच्या सळया. जुन्या चरख्याले एक चाती, तीच जन्मभर पुरली. इथं मूठ फिरवली की चारही एकदम नाचतात. चार धागे एकदम निघाले, चार एकदम तुटले. मले हसू आलं. बाई म्हणे, काय झालं आजी? म्हटलं, चार लेकरं एका टायमाले रडाले लागल्यावानी झालं, पहिले कोणाले घेऊ ते सांगा.

५ एप्रिल, शुक्र.

नियम असा. सकाळची शाळा सुटली की शाळेच्या पडवीत वर्ग. दहा मेपर्यंत शिकाचं. शेवटले तीन दिवस परीक्षा, रोजच्या सहा गुंड्या, म्हणजे सुताच्या लडी, निघाल्या पाहिजेत आन् चरखा नीट ठेवलेला पाहिजे. तसं झालं तर चरखा आपल्या घरी, सूत देऊन मजुरी घ्याची. नाई झालं तर चरखा यादीतल्या पुढच्या बाईले. चरखे आठ. माझ्या मागं यादीत रुक्मी आहे, तरणी पोरगी, हात वाऱ्यावानी. रोज येऊन माझ्याजवळ उभी राहते आणि म्हणते, "आजी, थकल्या असान."

घरी श्रावण तणतणला. माझा पोरगा, वर्ध्याले कचेरीत पट्टेवाला आहे. "आपण दीक्षा घेतली, मान वर केली, आन् आता तू टोपीवाल्यांचा चरखा मांडून बसशीन?"

"चरखा टोपी घालत नाई बाप्पा. तुह्या बापानं जन्मभर माग चालवला, ते सूत कोणी काढलं?"

मग म्हणे, "साठीच्या वर गेली तू."

"कोणी मोजलं?"

"पैशाचं काय करशीन?"

"बकरी घेतो."

९ एप्रिल, मंगळ.

दोन गुंड्या. तुटलं एकवीस वेळा. कुसुमनं बसून मोजलं, तिले दुसरा धंदा नाई.

पण आज गोम सापडली. एक धागा तुटला तर मूठ थांबवाची नाई. तीन चालू ठेवाचे आन् डाव्या हातानं चौथा जोडाचा. इतके दिवस मी एकासाठी चारही थांबवत होती. बाई सेवाग्रामच्या वाटेनं सायकलवर येते, तिले म्हटलं, तुमचं पायडल थांबत नाई तसंच हे. ती म्हणे, "आजी, तुम्ही सायकल पण शिकाल." कुसुमे, हसू नको, लिही. अजून मी ठरवलं नाई.

१३ एप्रिल, शनि.

पहिली मजुरी. एक रुपया आन् वरतून नवे पैसे, या महिन्यातच निघालेले. इतके लहान न् चकचकीत की पोलक्याचे बटन वाटतात. रुपयात शंभर म्हणे. जन्मभर सोळा आणे, चौसष्ट पैसे, ते आता विसराचं. श्रावण तीन वेळा चुकला. मी म्हटलं, चार आण्याचे पंचवीस, तिथून मोज. कचेरीतला माणूस मले म्हणते, "तुले कोणी शिकवलं?" बाजारात भाजीवालीनं शिकवलं. तिले मले फसवाचं होतं, पण मी दोनदा मोजलं.

एक गोष्ट लिही. सासू होती तवा कमाई सासूपुढं ठेवाची, मग मालकापुढं, ते गेल्यावर श्रावणपुढं. आजबी माझा हात पुढं गेला. अर्ध्या वाटेतून परत आला. पैसे चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. श्रावणनं डब्याकडं पाह्यलं. सून पदर तोंडाले लावून हसली.

कुसुम विचारते, बकरीच घेशीन ना? म्हटलं, नाई, कुलपाची पेटी घेतो, तुही जीभ ठेवाले.

१८ एप्रिल, गुरु.

बाईनं सगळ्यांना तेलाची एक एक बाटली दिली. करंगळीएवढी. चात्यांना दोन दिवसाआड थेंब थेंब घालाचा. इतकं चांगलं तेल, पाण्यावानी पातळ, दवाखान्यावानी वास. असं तेल कोणी रोज घालते का? ट्रंकेत ठेवलं, लुगड्याच्या घडीत.

चात्यांना घरचं जवसाचं तेल घातलं. मालक मागाले तेच घालत, माग कसा काळा तुकतुकीत दिसे. घातल्याबरोबर चात्या अशा फिरल्या की बाई वळून पाहाले लागली. साडेचार गुंड्या.

वर्गात शेजारी ठमी बसते, आमच्याच आळीची, तिले कानात सांगितलं. ठमीनं आणखी तिघींना सांगितलं. त्या चौघींनीबी बाटल्या घरी नेल्या आन् जवस घातलं. चार दिवसांची मास्तरीण मी.

२३ एप्रिल, मंगळ.

पाच गुंड्या. तुटलं सहा वेळा. रुक्मी आज जवळ आली नाई, दुरूनच पाहून गेली.

पैशाचं काय करणार ते आता सांगतो. बकरी नाई न् पेटी नाई. जाम गावाले माझी बहीण आहे, गिरजा. सात वर्षं झाली भेटली नाई. काऊन? कोणी नाई म्हटलं नाई कधी. पण मोटारीचं तिकीट मागाचं म्हणजे श्रावणकडं मागाचं. मग तो म्हणन, आत्ता कशाले, दिवाळीले जाऊ. दिवाळी येते, जाते. चरखा घरी राहिला तर कोणाले न विचारता जाईन, कोणाले न विचारता येईन. मोटारीत खिडकीजवळ बसीन.

कुसुम म्हणते, मले नेशीन का? म्हटलं, तुह्या पैशानं ये.

२६ एप्रिल, शुक्र.

तीन गुंड्या. मूठ जड झाली. माझा हात दुखते का चरखा, समजत नाई. आणखी तेल घातलं.

२७ एप्रिल, शनि.

एक गुंडीबी नाई. चात्या हलत नाईत. माझ्या नाई, ठमीच्या नाई, त्या तिघींच्या नाई. आठातले पाच चरखे मुके. बाईनं चाती काढून बोट फिरवलं, तांबडा चिकट राप. डिंकावानी ताणला.

मले तवाच समजलं. मालकांचा माग लाकडाचा होता. जवस लाकडात मुरते. लोखंडावर कुठं मुरन? वरच बसलं आन् या उन्हात वाळून घट्ट झालं.

बाई म्हणे, "हा मालच खराब आलेला दिसतो. सोमवारी वर लिहून कळवते. चरखे परत नेतील, वर्गही बंद होईल कदाचित." मग ठमीकडं वळली. "तुम्ही काही वेगळं केलं होतं का हो?"

ठमीनं माझ्याकडं पाह्यलं नाई. म्हणे, "नाई बाई. बाटलीतलंच घालतो."

नाव घेतलं नाई माझं. घेतलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर जेवण गेलं नाई. सून म्हणे, ऊन लागलं असन. हो म्हटलं.

२९ एप्रिल, सोम.

लवकर गेली. बाई पडवीत कागद घेऊन बसलीच होती. दोन ओळी लिहिल्या होत्या. म्हटलं, बाई, कागद थांबवा. माल चांगला आहे, म्हातारी खराब आहे.

सगळं सांगितलं. मागाचं, जवसाचं, कानात सांगितल्याचं. ठमीचं नाव मी घेतलं नाई, पण ती मागून येऊन म्हणे, "मीबी घातलं." मग एकेक करून बाकीच्या.

बाईनं चातीवर बोट फिरवून नाकाले लावलं. "म्हणून मला आठ दिवस चटणीचा वास येतो आहे. आणि ती बाटली?"

"ट्रंकेत आहे."

"कशासाठी?"

चांगली वस्तू ठेवूनच द्याची असते, असं कोणाले कसं सांगू? लग्नातली पितळेची घागर ठेवली, मातीचीच वापरली. श्रावणच्या पहिल्या पगाराचं हिरवं लुगडं ठेवलं, अजून घडी मोडली नाई.

बाईनं कागद फाडला. पण रजिस्टर उघडलं. "हे मला नोंदवावं लागेल, आजी. चरखा नीट ठेवला की नाही, हेही परीक्षेत आहे. आणि पाचही चरखे तुम्हीच साफ करायचे." रुक्मी तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

एक सांगतो, येताना मी हलकी होती. भूक लागली.

१ मे, बुध.

चात्या काढून घरी आणल्या. मातीतेल, चिंध्या, चुलीतली राख. दोन दिवसांत दोन चरखे झाले. नखं काळी. एका चातीले अर्धा घंटा लागते.

संध्याकाळी श्रावण कचेरीतून आला, सदरा काढला, माझ्या बाजूले बसला आन् चाती घासाले लागला. मी म्हटलं, "काऊन? टोपी चिकटन ना तुले."

"बुढे, चूप बस. चिंधी दे."

मग घासता घासता म्हणे, "बाबाच्या मागाले असाच वास येत होता." दोघांनी मिळून आणखी एक केला. मी त्याले उलट बाजूनं घासाले सांगितलं, त्यानं ऐकलं. कधी ऐकत नाई.

४ मे, शनि.

पाचही फिरले. माझा शेवटी केला. मूठ फिरवली, चारही चात्या नाचल्या. ठमी कापसाचा पेळू पुढं करून म्हणे, "घ्या मास्तरीण."

दोन गुंड्या. आठ दिवस वाया गेले, हात पुन्हा वळवाचा आहे. चार दिवस उरले.

आज एक नवीन. रुक्मीले म्हटलं, उभी काऊन राहते, बस. तिले डाव्या हातानं जोडाचं दाखवलं. कुसुम चिडली, "तुहा चरखा ती नेईन आन् तू तिलेच शिकवतं?" म्हटलं, नेला तर तोडून तर टाकणार नाई. थोडी चिडली मीबी, मनात. तिले एकाच दिवसात जमलं.

८ मे, बुध.

परीक्षा, पहिला दिवस. पाच गुंड्या न् वर अर्धी. कमी पडल्या. दुपारी एक चाती अडली, बाईचीच बाटली घेऊन थेंब घातला.

९ मे, गुरु.

सहा पूर्ण. तुटलं तीन वेळा. श्रावणनं कचेरीतून आल्या आल्या विचारलं, किती? पहिले पाणीबी नाई मागितलं.

१० मे, शुक्र.

सात. कुसुमे, मोठ्या अक्षरात लिही. सात.

बाईनं गुंड्या दोनदा मोजल्या, ताणून पाह्यल्या. म्हटलं, निकाल लागला का मग? म्हणे, "आजी, पहिला दिवस कमी आहे, शेवटचा जास्त आहे, आणि तेलाची ओळ रजिस्टरात आहे. मला एकटीला ठरवता येत नाही. उद्या वरचे साहेब येतील, त्यांच्यापुढं तिन्ही गोष्टी ठेवते." मी विचारलं, खरं सांगून वर्ग बंद होऊ दिला नाई, ती ओळ आहे का? बाई हसली. पेन उघडलं. काय लिहिलं ते मले कसं समजणार? रुक्मीले वाचता येते, ती वाकून पाहत होती. वर पाह्यलं तर तोंड असं की काईच समजलं नाई.

उद्या न्याले येतील, नाई तर ठेवून जातील. चरखा आज घरी आणू दिला, साफ करून द्याले. ट्रंकेतून बाटली काढली. चारही चात्यांना तेल घातलं, मुठीले घातलं, उरलं तेबी घातलं. बाटली उलटी करून झटकली. कुसुम म्हणे, "आजी, सगळं संपवलं? उद्या रुक्मीकडं गेला तर?"

तिच्याकडं फिरन मग. फिराले पाहिजे.

उद्या हिरवं लुगडं नेसतो. सून घडी मोडून देऊन राह्यली आहे, घडीवर पिवळी रेघ पडली. डब्यातले पैसे मोजले. कुसुमे, हे लिहून झालं की ठमीच्या पोराकडं जा, तो मोटारीवर किन्नर आहे, गाडी धुते-पुसते. जामले किती नवे पैसे पडतात ते विचारून ये. जाण्याचे विचार. येण्याचे नंतर पाहू.