वेदीमागची भिंत

अंबड,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. शालू हिस,
बद्रीनाथचा आशीर्वाद. आम्ही इकडं ठीक आहोत, तुम्ही सगळे नाशिकला खुशाल असाल. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखून राह्यलेत, बाकी बरं. तूर काढून झाली. थंडी यंदा जास्त आहे.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. फोन का न्हाई केला म्हणशील. तीनदा लावला, अन् घंटी वाजायच्या आत बंद केला. बोलायला गेलो की आवाज फुटत न्हाई. लिहिताना निदान हात तरी चालतो.

तुला ठाऊक नसंल, इथलं अंबडचं तुमचं नवं चर्च मी बांधलं. जुनं पत्र्याचं, ज्यात तुझं लग्न लागलं अन् मी बाहेर रस्त्यावर मोटारसायकलवर बसून राह्यल्तो, ते पाडलं. नव्याचा नकाशा संभाजीनगरच्या कल्याणी मॅडमचा. पंख्यासारखं पसरलेलं. मी म्हणलो, "मॅडम, चर्च लांबट असतं की." त्या म्हणल्या, "मिस्त्री, शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाबी वेदी लांब वाटायला नको." म्हणून बाकं वेदीभोवती अर्धगोल. वेदी अखंड काळ्या दगडाची, आपल्याच भागातल्या खाणीतला. बाजूच्या भिंती भाजक्या विटांच्या, वर विटांचीच जाळी, बिलकुल कोंदट होत न्हाई. खाली शहाबादी फरशी. छताला एक लांब फट ठेवून काच बसवली. बाराच्या सुमाराला ऊन बराबर वेदीवर उतरतं.

वेदीमागची भिंत मात्र काँक्रीटची. वीस फूट उंच, ओंजळीसारखी वळलेली. तिला प्लास्टर न्हाई, रंग न्हाई. सेंट्रिंगच्या फळ्यांचे वणसुद्धा दिसले पाहिजेत, असं मॅडमचं म्हणणं. प्लास्टर असलं की मिस्त्रीच्या चुका झाकतात. इथं झाकायला काहीच न्हाई. मला तिची फार भीती वाटायची.

पोळ्याच्या चार दिवस आधी ती ओतली. पुढं चौदा दिवस पाणी मारावंच लागतं, न्हाईतर तडे जातात. गडी सगळे पोळ्याला गावी गेल्ते अन् मला डेंग्यू झाला. खाटेवर पडून भिंतीचा घोर लावून घेतला. तर आई म्हणली, "पाइप धरायला काय शाळा शिकावी लागती? मी मारते."

"तू चर्चात गेलीस हे काकांना कळलं तर?"

"त्याला सांगायला कोण जातंय."

तुला वाटत असंल आईनं तुला टाकलं. आम्हालाबी तसंच वाटायचं, घरात तिनं तुझं नाव काढलं न्हाई. पण दहा दिवस ती पदर खोचून तिथं गेली. भिंतीवर गोणपाट टाकून दिवसातून चारदा भिजवायची. ताप उतरल्यावर मी पाहायला गेलो. पाइप बंद करून मला म्हणली, "बद्री, शालू आली तर कुठं बसंल रे?"

मी म्हणलो, "बाया डावीकडं बसतात बहुतेक."

मंग ती डावीकडं गेली अन् नुसत्या जमिनीवर बसली. बराच वेळ. "इथून चांगलं दिसतं," म्हणली.

भिंतीला एक तडा न्हाई. मॅडमनं हात फिरवून पाह्यला.

एवढं लिहून मी चहाला उठलो. मंग गुरांना पाणी पाजायला उठलो. आता लिहितो.

आई गेली, शालू. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. दोन महिने झाले.

सकाळी छातीत कळ आली, जालन्याच्या दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत बोलत होती. मला जवळ घेऊन म्हणली, "शालूला फोन लाव. जल्दी ये म्हणावं." मी बाहेर आलो. बाकावर आपले काकासाहेब काका बसल्ते. त्यांना सांगितलं. ते म्हणले, "चार दिवसांवर माझ्या नातीच्या, तृप्तीच्या लग्नाची सुपारी फुटायची आहे. पाहुण्यांना काय सांगू, हिची आत्या चर्चात गेली? ती आली तर मी अन् माझी पोरं खांद्याला येणार न्हाईत."

फोन माझ्या हातात होता. तुझा नंबर मी फादरकडून कधीच घेतल्ता. पंच्याहत्तरीचा माणूस, माझ्या हातातून फोन थोडाच हिसकणार होता? पण दादा गेल्यापासून काकाच बापाच्या जागी, त्यांच्यापुढं मान वर केली न्हाई, तेव्हाबी झाली न्हाई. फोन खिशात टाकला.

आत गेलो. आई म्हणली, "लावला?"

"लावला. निघाली. येऊन राह्यली."

असं मी बोललो. ती हसली. "मंग मला दाराकडं तोंड करून दे," म्हणली. मी तिला कुशीवर केलं. साडेतीनपर्यंत ती दाराकडं पाहत होती. नर्स आली, डॉक्टर आला, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून आली. दर वेळी तिचे डोळे मोठे व्हायचे. मी पायाशी उभा. तेव्हाबी फोन लावता आला असता. तुझा नुसता आवाज ऐकवता आला असता. हे मला आता सुचून राह्यलंय, तेव्हा सुचलं न्हाई.

दोन फेब्रुवारीला चर्चच्या आशीर्वादाचा कार्यक्रम आहे. फादरनं पाहुण्यांची यादी वाचली, त्यात तुमचं नाव ऐकलं. तिथं दारातच कुणीतरी सहज म्हणलं असतं, आई गेल्याचं कळलं, वाईट झालं. तसं तुला कळू नये म्हणून हे लिहिलं. त्याच्यापलीकडं माझ्या हातात काही उरलं न्हाई. सगळं काकांवर ढकलावं वाटतं, पण खोटं माझ्या तोंडातून गेलं, अन् जिच्याशी बोललो ती आता खरं ऐकायला न्हाई. माफी मागत न्हाई. तू दिलीस तरी ती नेऊन कुणाला दाखवू?

त्या दिवशी मिस्त्रीचा सत्कार ठेवलाय. मी जाणार न्हाई. तू ये. तुला कुणी अडवणार न्हाई.

हे वाचून झालं की दाजींना हाक मार. नऊ वर्षांत मी त्यांना एकदाबी दाजी म्हणलो न्हाई, पण तू हाक मार. एकटी बसू नको.

बद्रीनाथ