राजवाड्याचा रोट

प्रिय बाबा,

उद्या सकाळी पेंटर येतोय. सेक्टर १० च्या मार्केटात माझी छोटीशी खानावळ सुरू होते आहे, आणि बोर्डावर काय लिहायचं ते तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरेना. म्हणून तुमच्या फोटोपुढे बसून हे पत्र.

खरं तर ‘राजवाड्याचा रोट’ असंच लिहायचं होतं. तुमचे आजोबा संस्थानाच्या मुदपाकखान्यात होते, गूळ-तुपाचा जाडजूड रोट त्यांच्या हातचा, हे ऐकतच तर मी मोठी झाले!

स्टील प्लँटमधून सुट्टी मिळाली की तुम्ही आम्हाला मोठ्या शहरांत खायला न्यायचात. हैदराबादची हलीम, लखनौचे कबाब, सगळं बोटं चाटत खायचात आणि वर वेटरला थांबवून सांगायचात, आमच्याही घरानं राजाला जेवू घातलंय. कोलकात्यात बिर्याणीत बटाटा निघाला तेव्हा तर मालकालाच बोलावलंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘इथल्या बिर्याणीत तो असतोच’ म्हणत त्यानं हसून तुम्हाला आणखी एक बटाटा वाढला, आणि तुम्ही तोही खाल्लात.

परवा रोटाचं प्रमाण विचारायला दुर्गला आत्याकडे गेले. ती हसतच सुटली. तुमचे आजोबा मुदपाकखान्यात नव्हतेच म्हणे, हत्तीखान्यात होते. रोट हत्तीसाठी भाजला जायचा. बाबा, इतकी वर्षं आम्ही हत्तीचा खुराक खात होतो? एका रोटात माणूस आडवा का होतो, ते आता कळलं.

मला वाटलं, तुम्हालाही हे ठाऊक नसेल. तसं म्हटलं, तर आत्याचं हसू थांबलं.

“तुया बापाले समदं ठाऊक होतं वं. दुकाळात आजा हत्तीनं टाकलेला रोट धोतरात बांधून घरी आणे. त्याच्यावरच आमचा बाप जगला.”

येताना बसमध्ये डोळे पुसत होते. मला का नाही सांगितलंत? लाज वाटेल असं वाटलं? मला तर त्या पणजोबांचा अभिमान वाटला. राजाचा स्वयंपाक काय, कुणीही केला असता.

तर बोर्डावर ‘हत्तीचा रोट’ असंच येईल. लोक हसतील, विचारतील, मी सगळं सांगेन. रागावू नका.

आणि एक वचन देते. माझ्या दारी भुकेला आलेला माणूस उरलेलं बांधून नेणार नाही. त्याला तव्यावरचा गरम रोट वाढीन, तोही पाट मांडून.

तुमची लेक,
मीना