पंचांची खूण

दादा,

काल स्पर्धेत मी बाद झाले. शेवटची संधी होती, आणि तिच्यासाठी वर्षभर पहाटे पाचला उठून जिममध्ये घाम गाळला होता. एकशे तीस किलोचा बार जमिनीवरून उचलला, ताठ उभी राहिले आणि लगेच खाली टेकवला. पंचांनी खूण करेपर्यंत तो धरून ठेवायचा असतो, हे शेंबडं पोरही सांगेल.

सवय नडली रे. आईला पलंगावरून उचललं की तिची कंबर ठणकते, म्हणून मी तिला पटकन खुर्चीत टेकवते. दिवसातून सहा वेळा. जिमपेक्षा तोच सराव जास्त झालाय.

आईला मी जिंकले म्हणून सांगितलंय. फोनवर तुलाही ती तेच सांगेल. सांगू दे, हे पत्र काही मी टाकणार नाही.

पंचबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "वजन तुम्हाला जड नव्हतंच हो. कुणी 'ठेवा आता' म्हणेपर्यंत नुसतं थांबायचं होतं."

मला हसू आवरेना. तू गेल्यापासून आठ वर्षं घरी मी दुसरं काय करतेय?

तुझीच,
पैलवान