निरोगी माणसाचा घोट

वेरिबी, ३ मे

प्रिय सोजर,
सप्रेम जय भीम, वि. वि.
फोनवर तुला ऐकू जात नाही, म्हणून लिहितो आणि फोटो तुझ्या भाचीच्या, मैथिलीच्या मोबाइलवर धाडतो.

आपली स्वप्ना इथं युनीत, म्हणजे विद्यापीठात, काय करते ते अखेर कळलं. निरोगी माणूस गिळतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग काम करतो, ते मशिनमध्ये बघते. पुढे लकव्याच्या पेशंटांना उपयोग होईल म्हणे. पासष्टीपुढचा माणूस हवा होता, म्हणून तिच्यासोबत काम करणाऱ्या चारुदत्तने मला धरलं. गिळताना त्रास होतो का, असं फॉर्मवर होतं. मी ‘नाही’वर ठसठशीत खूण केली.

मशिनच्या बोगद्यात निजवलं, तोंडात नळी दिली. पडद्यावर खूण आली की पाणी गिळायचं, डोकं हलवायचं नाही. डेपोत पस्तीस वर्षं साहेबांची बोलणी कुणी न सांगता गिळली; इथं चमचाभर पाणी उतरेना! नो वरीज पप्पा, सगळ्यांचंच असं होतं, म्हणाली लेक.
लोभ आहेच, तो वाढता असू दे.
तुझा काशीनाथ

लातूर, ५ मे

स्वप्नाच्या पप्पांना सविनय जय भीम.
पत्र वाचून आम्ही पोट धरून हसलो. मला तर धीरच आला. दोन महिने माझा भाकरीचा घास छातीत अडतोय. आता पाण्यात कालवलेला भातही कसाबसा जातो, ब्लाउज सैल झालेत. तुम्ही तिकडं आनंदात, म्हणून बोलले नाही. पण सगळ्यांचंच होतं म्हटल्यावर भ्यायचं कशाला?
माया असू द्यावी.
सोजर

वेरिबी, ६ मे

ती. आईस जय भीम.
आई, हे सगळ्यांचं होत नाही. वर्षभर मी परक्यांना फॉर्म देऊन विचारतेय, गिळताना त्रास होतो का. तुला फक्त ‘जेवलीस का’ असा मेसेज टाकला. उद्याच मैथिलीबरोबर डॉक्टरकडे जा, दुर्बिणीने तपासायला सांग. पप्पा गुरुवारच्या विमानाने तिकडे निघतायत. माझ्यावर रागाव, पण जा.
तुझी स्वप्ना

लातूर, २१ मे

चि. स्वप्ना हिस अ. उ. आ.
अन्ननलिका एका जागी आवळली होती, ती फुगा घालून रुंद केली. तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट काल आला. कॅन्सर नाही. पप्पांनी तो तीनदा वाचला, मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

तू विचारलं नाहीस म्हणून रडू नकोस. विचारलं असतंस, तरी मी नाहीच म्हणाले असते.

आज डॉक्टरांनी मऊ भाकरीला परवानगी दिली. पप्पांनी जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. एका बाजूनं करपली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. मी सगळी खाल्ली, आणि वर अर्धी मागून घेतली.
जिवाला जप, आमच्यावर अशीच माया ठेव.
तुझी आई