मान्य झालेलं निवेदन

...एक पाय विद्यापीठात आणि एक पाय आमच्या कॉलनीत अशा अवस्थेत मी भिंतीवर होतो, तेव्हा खालून भागीरथाबाईंनी शिटी वाजवली. त्या तिथल्या पहारेकरी. साडीवर गणवेशाचा निळा शर्ट घालतात. "काका, भितीवर काऊन चढून राह्यले? पडान नं! गेटावर या, रजिस्टरात नाव लिहा, काम लिहा, मंग जा कुठं जायचं तं." मी अडुसष्ट वर्षांचा निवृत्त प्राध्यापक आहे. काम लिहायचं नव्हतं म्हणूनच भिंत चढलो होतो.

नमस्कार राहिला. तीर्थरूप अण्णाजी, साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब कसा आहे? वहिनींचा मोतीबिंदू काढून झाला का? माझी प्रकृती उत्तम आहे (उजवा घोटा सुजला आहे, पँट फाटली आहे). तुमची बहीण बुधवारपासून आर्वीला तुमच्याकडे आहे. शरयूने तुम्हाला काय सांगितलं असेल मला माहीत नाही. खरं काय ते मी सांगतो. चूक विद्यापीठाची आहे.

हिंगणघाटात आम्ही घर बांधलं तेव्हा मागे कपाशीच्या पऱ्हाट्या होत्या. मग कॅथलिक फादरांनी तिथे विद्यापीठ काढलं. चॅपल आलं, वसतिगृहं आली, सुरूची झाडं आली. सहाला घंटा वाजते (घरातलं घड्याळ मी तिच्यावर लावतो, पण तो मुद्दा नाही). भिंतीत आमच्या गल्लीकडे एक लहान फाटक होतं. त्यातून विद्यार्थी येत, गाड्या आमच्या दारात लावत, आमच्या ओट्यावर बसून समोसे खात आणि कागद तिथेच सोडून प्रार्थनेला जात. हिरालाल किराणावाले म्हणाले, सर, निवेदन तुम्हीच लिहा. (समोसे त्यांच्याच दुकानातले. हे मला नंतर सुचलं.)

मी लिहिलं. अण्णाजी, बावीस वर्षं मी निवेदनं लिहितो आहे. नाली, पथदिवे, डुकरं. आजवर एकाचंही उत्तर आलेलं नाही. उत्तर येणार नाही हे माहीत असलं की माणूस मोकळेपणाने लिहितो, माझी शैली त्यातच घडली. या निवेदनातली सहा कलमं रास्त होती. सातवं मी तोलासाठी घातलं: फाटक कायमचं बंद करावं. असं एक अवास्तव कलम ठेवावंच लागतं, म्हणजे पुढे त्यावरून मागे सरकता येतं. तेवीस सह्या झाल्या. पहिली माझी, दुसरी शरयूची. मी बोट ठेवलं तिथे तिने केली.

या विद्यापीठवाल्यांनी चौथ्या दिवशी निवेदन मान्य केलं. असं कोणी करतं का? पोच नाही, समिती नाही, पाहणी नाही. फादर बेनेडिक्ट स्वतः घरी आले. माझ्या मराठीची स्तुती केली, कॉलनीला झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली, टेबलावर केक ठेवला. दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि संध्याकाळपर्यंत फाटकाच्या जागी विटा होत्या. सात कलमांतलं आधी सातवंच. नगर परिषदेवर मी बावीस वर्षं रागावलो आहे, पण तो राग सुखाचा होता. मागितलं ते देणाऱ्या माणसाचं करायचं काय?

आता शरयू. ती रोज सकाळी त्या फाटकातून फिरायला जाते असं मी धरून चाललो होतो. ती फिरायला जात नव्हती. दोन वर्षं ती तिथे चार सिस्टरांना मराठी शिकवत होती. त्या केरळच्या आणि झारखंडच्या. दवाखान्याच्या कामाला वडनेरकडे जातात, बाळंतिणींशी बोलता यायला हवं. एकतीस वर्षं कॉलेजात मराठी मी शिकवली, आणि त्या आवारात मी शरयूमॅडमचे मिस्टर आहे. मोठं गेट हायवेवर, वळसा दोन किलोमीटरचा, आणि तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. विटा पाहून ती ओरडली नाही. "सही वाचून करा लागत होती मले," एवढंच म्हणाली. मग पिशवी भरून दाराशी आली आणि म्हणाली, "दोन वर्षांत एकदा तरी इचारलं का, मी सकाळी कुठं जाते म्हणून?" यात विचारण्यासारखं काय होतं? (या प्रश्नाचं उत्तर मी तीन दिवस तयार करतो आहे. तीन मसुदे फाडले.)

म्हणून आज पाच वाजता भिंत. भागीरथाबाईंनी मला उतरवून घेतलं, हाताला धरून फादरांसमोर उभं केलं आणि सांगितलं, "हे भितीवर सापडले." फादरांनी घोट्याला बर्फ लावायला दिला. मी म्हटलं, कलम सात मागे घेतो. ते म्हणाले, आनंदाने. फक्त ज्या तेवीस जणांनी फाटक बंद करायला सांगितलं त्यांच्याच तेवीस सह्यांचं दुसरं निवेदन द्या. एकट्याच्या शब्दावर भिंत फोडली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. बघा. पुन्हा रास्त. या माणसाने मला भांडायला जागाच ठेवलेली नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, विद्यापीठाला काही नाही.

आपला,
दत्तोपंत

ता. क. दुसरं निवेदन सोबत आहे. संध्याकाळभर लंगडत फिरून बावीस सह्या घेतल्या. (हिरालालांनी पेन हातातून ओढून घेतलं. समोसे पडून राहतात म्हणे.) दोन नंबरची ओळ रिकामी आहे. तिथे शरयूची सही घेऊन कृपया पाठवावं.

ता. क. २. सहीच्या आधी तिला वाचू द्या. एकच कलम आहे. आणि चूक विद्यापीठाची आहे असं वर लिहिलं आहे, ते वाक्य तिला दाखवू नका. ते खरं नाही.

ता. क. ३, सकाळ. सात वाजता चारही सिस्टर हायवेचा वळसा घालून, वह्या घेऊन दारात आल्या. मॅडम नाहीत म्हटल्यावर मी तास घेतला. दहा मिनिटांनी त्यातली धाकटी म्हणाली, "सर, असं वडनेरले कोनीच बोलत नाई. मॅडम कवा येतीन?" मी चहा केला. त्यांनी घेतला. पत्र पोस्टात टाकलं नाही. पावणेनऊच्या एसटीने मीच ते घेऊन आर्वीला निघालो आहे.